किल्ला बांधता येतो, मग गेमही बांधता येईल: बेळगावच्या पोरांसाठी गेम डेव्हलपर होण्याची वाट

दिवाळीच्या आधी अनगोळ, वडगाव, शहापूरच्या गल्ल्यांतून फिरलं की कुठं ना कुठं एक भांडण ऐकू येतं. किल्ल्याची वाट डावीकडून चढवायची की उजवीकडून? बुरूज इथं घातला तर मागचं टाकं दिसणार कसं? एखादा पोरगा चिखलाचे हात झाडत सांगतो, माणूस रस्त्याकडून बघत येणार, त्याला आधी महादरवाजा दिसू दे, मग वाट वळू दे, बालेकिल्ला शेवटी. गेमच्या धंद्यात याला लेव्हल डिझाइन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

मी बारा-तेरा वर्षं गेम प्रोग्रामिंग करतोय. आधी बेंगळुरू, मग पुणे, आता टिळकवाडीतल्या घरी बसून. सुट्टी लागली की शेजारच्या काकू नाहीतर कुणाचे तरी मामा पोराला पुढं घालून येतात. "दिवसभर गेम खेळालाय, आता म्हणतोय त्यातच नोकरी करणार. असतंय का असं काही?" असतं. पण कुंदा आवडणं वेगळं आणि कढईपुढं उभं राहून दूध आटवणं वेगळं. तेव्हा मी आधी पोराला एक काम देतो. तुझ्या आवडत्या गेमची एकच लेव्हल घे, वही घेऊन बस, आणि ती लेव्हल तुला काय काय करायला लावते ते लिही. नाणी कुठं ठेवलीत आणि तिथंच का? पहिला शत्रू कधी येतो? मेल्यावर परत कुठून सुरू होतं? अर्ध्या तासात वही मिटून परत खेळायला लागला, तर त्याला खेळायला आवडतं, आणि त्यात वाईट काही नाही. तासाभरानंतरही लिहीतच असेल, तर पुढचं सगळं त्याच्यासाठी.

आधी काम निवडा

"गेम डेव्हलपर" हा एक माणूस नसतो. आपल्याकडं शिवजयंतीचा चित्ररथ उभा राहतो तो आठवा. प्रसंग कोणता दाखवायचा हे एक जण ठरवतो, सांगाडा दुसरा वेल्डिंग करतो, कुणी रंगवतो, कुणी पात्रांच्या हालचाली बसवतो, कुणी आवाज आणि लाइट बघतो. आणि एक जण वर्गणीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं जमवून रथ मिरवणुकीला वेळेत बाहेर काढतो. स्टुडिओत यांनाच अनुक्रमे डिझायनर, प्रोग्रामर, आर्टिस्ट, ॲनिमेटर, साउंड डिझायनर आणि प्रोड्यूसर म्हणतात. याशिवाय टेस्टर असतात. मोडायचं कसं हे शोधणं हेच त्यांचं काम.

माझं मत सांगतो. नव्या माणसाला थेट डिझायनरची नोकरी मिळणं सगळ्यात अवघड, कारण कल्पना प्रत्येकाकडं असते. प्रोग्रामर आणि आर्टिस्ट यांना हातातलं काम दाखवता येतं, म्हणून त्यांची दारं लवकर उघडतात. टेस्टिंग हीही खरी वाट आहे, घरचे तिला कितीही "नुसतं खेळायचं काम" म्हणोत. एकच उडी पाचशे वेळा मारून पाचशेएकाव्या वेळी भिंतीत अडकल्याचं नीट लिहून देणं सोपं नाही. आपल्या भागातल्या पोरांना इथं एक आयता फायदा आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. चार भाषांतला मजकूर वाचून चूक पकडणारा टेस्टर बेंगळुरूत सहज सापडत नाही.

हा लेख प्रोग्रामिंगच्या बाजूनं लिहिलाय, कारण मला तेच येतं. आर्टिस्ट व्हायचं असेल तर रोज पेन्सिलनं रेखाटन करा आणि ब्लेंडर हे थ्री-डी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर शिका. ब्लेंडर फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

मशीन, वीज आणि पाऊस

१६ जीबी रॅम, एसएसडी आणि साधं का होईना वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप पुरेसा होतो. ८ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तरी थांबू नका, टू-डी गेमला तो चालतो. लाखाचा गेमिंग लॅपटॉप आधी घ्या, मग शिकतो, असं म्हणणाऱ्या पोराच्या बापानं पैसे द्यायची घाई करू नये.

इंजिन म्हणजे गेम बनवायचा तयार साचा. चित्र पडद्यावर काढणं, टक्कर ओळखणं, आवाज वाजवणं ही कामं ते करतं, तुम्ही वरचा नियम लिहिता. चर्चेत तीन आहेत. गोडो पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे, डाउनलोडला छोटं आहे आणि त्याची जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी वाचता येते. युनिटीत सी शार्प वापरतात आणि भारतातले कित्येक मोबाइल स्टुडिओ त्यावर चालतात. वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर ते फुकट वापरता येतं. अनरियलमध्ये सी प्लस प्लस आणि ब्लूप्रिंट (कोड न लिहिता ठोकळे जोडून नियम मांडायची सोय) असतं. त्याला दणकट मशीन लागतं, आणि एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात. ही वेळ आली तर मला पेढे पाठवा.

मशीन कमकुवत असेल तर गोडो घ्या, नाहीतर युनिटी, आणि निवड एका संध्याकाळीत संपवा. २०२३ मध्ये युनिटीनं प्रत्येक इन्स्टॉलमागं पैसे घ्यायचं जाहीर केलं, जगभर बोंबाबोंब झाली आणि २०२४ मध्ये त्यांनी ते मागं घेतलं. त्या वर्षी कितीतरी पोरांनी गेम बनवायचं सोडून इंजिनांवर वाद घातले. एक इंजिन नीट आलं की दुसरं दोन महिन्यांत येतं.

आता पावसाचं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जूनपासून लाइट कधी जाईल आणि नेट कधी येईल याचा नेम नाही, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. मी शिकत होतो तेव्हा सगळं काम एकाच हार्डडिस्कवर ठेवायचो. एका पावसाळ्यात ती गेली आणि तीन आठवड्यांचं काम तिच्याबरोबर गेलं. म्हणून पहिल्या दिवसापासून गिट शिका, ते कामाची प्रत्येक पायरी जपून ठेवतं. प्रत्येक छोटं काम झालं की कमिट (म्हणजे त्याची नोंद), नेट आलं की गिटहब या साइटवर पुश (म्हणजे प्रत चढवणं). तिथं १०० एमबीपेक्षा मोठी एक फाइल थेट चढत नाही, तेव्हा मोठी चित्रं आणि आवाज यांच्यासाठी गिट एलएफएस लावून घ्या. इंजिनची कागदपत्रं आणि धडे आधीच उतरवून ठेवले तर नेट नसलेले आठवडेही वाया जात नाहीत.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात फक्त प्रोग्रामिंगची भाषा: व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, ॲरे. दुसऱ्यात दोन जुने खेळ जसेच्या तसे उतरवा. एक चेंडू-फळीचा, एक उड्या मारत पुढं जायचा. कॉपी करायला लाजू नका. आमच्याकडं तबला शिकणारा आधी गुरूचाच कायदा वाजवतो. फक्त धडा बघून झाला की व्हिडिओ बंद करा आणि तीच गोष्ट न बघता पुन्हा लिहा. इथं बहुतेकांची गाडी अडते, आणि अडली की समजायचं की शिकणं आता सुरू झालं.

याच काळात एक गोष्ट हाडात मुरायला हवी. गेम म्हणजे सतत फिरणारं चक्र: बटण दाबलंय का बघ, जग थोडं पुढं सरकव, चित्र काढ, परत पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा हे फिरलं तर एका फेरीला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात. आता समजा, तुम्ही लिहिलंत की पात्र प्रत्येक फेरीत ५ पिक्सेल सरकेल. तुमच्या लॅपटॉपवर ते सेकंदाला ३०० पिक्सेल धावेल. आजोबांच्या जुन्या फोनवर सेकंदाला ३०च फेऱ्या होतात, तिथं तेच पात्र १५० पिक्सेल रांगेल. म्हणून वेग "फेरीला" न मोजता "सेकंदाला" मोजायचा आणि त्याला मागच्या फेरीला लागलेल्या वेळेनं गुणायचं. इंजिनमध्ये या वेळेला डेल्टा म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीत नव्या पोराला हमखास विचारला जाणारा प्रश्न हाच.

आणि गणित. पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीला, व्हेक्टर (लांबी आणि दिशा असलेला बाण) शिकवतात, पोरं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात. गेममध्ये तेच रोज लागतं. रात्रीची वेळ आहे, किल्ल्यावर पहारेकरी पूर्वेकडं तोंड करून उभा आहे आणि तुमचा मावळा जवळून सरकतोय. पहारेकऱ्याला तो दिसला का? पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा हा एक व्हेक्टर. पहारेकऱ्यापासून मावळ्याकडची दिशा हा दुसरा. दोघांची लांबी १ करून घ्या आणि डॉट प्रॉडक्ट काढा. येतं ते दोघांमधल्या कोनाचं कोसाइन. १ आलं तर मावळा नाकासमोर, ० आलं तर बरोबर बाजूला, उणे आलं तर पाठीमागच्या अंगाला. "०.५ पेक्षा जास्त असेल तर दिसला" असं लिहिलं की दोन्ही बाजूंना ६० अंश, म्हणजे एकूण १२० अंशांची नजर होते. तिथं ०.८६६ घातलं की दोन्ही बाजूंना ३०च अंश राहतात आणि तोच पहारेकरी पेंगुळलेला वाटायला लागतो. नुसता एक आकडा बदलला आणि माणसाचा स्वभाव बदलला! मला या धंद्यात धरून ठेवणारी गोष्ट हीच. मग अंतर तपासा, मधे भिंत आहे का ते बघायला एक सरळ रेघ सोडा, तिला रेकास्ट म्हणतात, आणि तुमचा पहारेकरी तयार.

स्वतःचा पहिला गेम, आणि तो संपवायचा

प्रत्येक पोराच्या डोक्यात पहिला गेम म्हणजे संपूर्ण सह्याद्री, शंभर किल्ले, घोडे, तोफा आणि ऑनलाइन लढाई. ते स्वप्न वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. पहिला गेम एका पडद्याचा. एक किल्ला, एक मावळा, तीन पहारेकरी, पायथ्यापासून माथ्यावर पोहोचायचं. बास.

पहिल्या आठवड्यात एकही चित्र काढू नका. मावळा म्हणजे निळा चौकोन, पहारेकरी म्हणजे लाल, भिंती राखाडी. चौकोनांनी खेळताना मजा आली नाही तर सुंदर चित्रांनीही येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात नियम घट्ट करा: पकडलं तर काय, जिंकलं तर काय, परत सुरू कसं करायचं. तिसऱ्यात चित्रं आणि आवाज. चित्र जमत नसेल तर केनी नावाच्या साइटवरचे चित्रांचे तयार संच वापरा, ते सीसी-झिरो परवान्याचे असल्यामुळं कसेही वापरता येतात. दुसरीकडून काही उचलताना परवाना वाचा, आणि सिनेमातलं गाणं तर अजिबात नको. चौथा आठवडा फक्त दुरुस्तीचा. तो पुरत नाही, म्हणून पाचवाही त्यासाठीच धरा.

मग फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि गप्प बसा. "इथं दाब", "तिकडं जा" असलं काही बोलायचं नाही. मी माझा असाच गेम आत्येबहिणीला दिला होता. ती पाच मिनिटं आकाशातल्या चंद्रावर बोट मारत होती, कारण अख्ख्या पडद्यावर चमकणारी गोष्ट ती एकच होती. मला राग आला, मग कळलं की बरोबर तीच आहे. चंद्र फिका केला, दरवाज्यापाशी मशाल पेटवली, आणि पुढच्या माणसाचं बोट न सांगता दरवाज्यावर गेलं.

मराठी अक्षरं मोडतात, त्याचं काय

हा भाग परदेशी धड्यांत सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर, पण काढली जाते अक्षराच्या आधी. जोडाक्षरांत दोन-तीन चिन्हं मिळून एक आकार होतो. हे जुळवाजुळवीचं काम करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर "किल्ला" हा साधा शब्दसुद्धा फुटतो. वेलांटी क सोडून पुढच्या ल ला चिकटते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ल दिसतो. कन्नडचंही असंच होतं, तिथं ओत्तक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) खाली जात नाही.

युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या नेहमीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये ही अडचण येते. अनरियल आणि गोडो ४ मध्ये ही जुळवणी आतच आहे, त्यामुळं मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतात. मराठी-कन्नड दोन्हींत गेम काढायचा असेल तर गोडो घ्यायला मला हेच एक कारण पुरेसं वाटतं. युनिटीतच काम असेल आणि मजकूर थोडा असेल, तर शब्दांची चित्रं करून लावा. जुगाड आहे, पण चालतो. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू हे ओपन परवान्याचे आहेत. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का तेवढं तपासा, हिंदी वळणाचा ल आपल्या डोळ्यांना खुपतो. बटणं जरा रुंद ठेवा. इंग्रजीत चार अक्षरांत बसणारा शब्द मराठीत किंवा कन्नडमध्ये बटणाबाहेर डोकावतो.

हे सगळं जमवून चार भाषांत नीट चालणारा एक छोटा गेम केलात, तर मुलाखतीत बोलायला अर्ध्या तासाचा विषय मिळाला.

लोकांसमोर ठेवा

इच डॉट आयओ या साइटवर गेम फुकट चढवता येतो आणि ब्राउझरमध्ये खेळता येतो. सुरुवात तिथं. गूगल प्ले स्टोअरला नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे. पण नवीन वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले लागतात. पुण्या-मुंबईत एकट्यानं राहणारी पोरं यासाठी अनोळखी लोकांच्या पाया पडतात. आपल्याकडं गल्लीतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला की बारा जण संध्याकाळपर्यंत होतात. फक्त त्यांना बजावून ठेवा की चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागं १०० डॉलर भरावे लागतात, कमाई १००० डॉलर झाली की ते परत मिळतात. आयफोनसाठी वर्षाला ९९ डॉलर. पहिल्या गेमला या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

नंतर गेम जॅम करा. ठरलेल्या विषयावर ४८ तासांत गेम बनवायचा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होतो, आणि इचवर तर दर आठवड्याला काही ना काही चालूच असतं. बेळगावात बसून एखाद्या दूरदेशीच्या आर्टिस्टबरोबर रात्र जागवता येते. मुदत पाळणं तिथंच शिकता येतं, आणि टीममध्ये भांडण झालं तर सोडवणंही.

कॉलेज, क्लास आणि नोकरी

एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर, सायन्स घेऊन पीयूसी, मग कॉम्प्युटरची बीई, ही वाट प्रोग्रामरला आजही उत्तम. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयच आपल्या गावात आहे आणि तिचा डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लसचा अभ्यास स्टुडिओच्या लेखी परीक्षेत जसाच्या तसा कामाला येतो. बीसीए करूनही हे काम करणारे मला माहीत आहेत. डिग्री मिळाली की गेम येतो असं मात्र नाही. तो संध्याकाळी सात ते दहा स्वतःच शिकायचा असतो.

लाखांत फी घेणाऱ्या गेमिंग अकादमींच्या बाबतीत पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. मागच्या बॅचनं बनवलेले गेम मला आत्ता फोनवर खेळायला मिळतील का? शिकवणाऱ्याचं नाव कोणत्या प्रसिद्ध गेमच्या श्रेयनामावलीत आहे? उत्तराऐवजी "शंभर टक्के प्लेसमेंट"चं पत्रक हातात आलं तर नमस्कार करून उठा.

नोकऱ्या कुठं? बेंगळुरूत १९९७ साली सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही या देशातल्या पहिल्या गेम कंपन्यांपैकी, २०१९ मध्ये ती रॉकस्टारनं घेतली. पुण्यात युबिसॉफ्ट २००८ पासून आहे, सुपरगेमिंग आहे, आणि २०२० चा राजी हा गेम बनवणारा नॉडिंग हेड्सही तिथलाच. मुंबई आणि हैदराबादमध्येही काम आहे. पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं उडुपीच्या ९९गेम्सबद्दल. महानगर नसलेल्या, आपल्याच राज्यातल्या गावात बसून त्यांनी जगभर खेळले जाणारे मोबाइल गेम काढले. ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी वेगळं धोरण २०१२ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकानंच केलं. सीमेच्या या बाजूला असण्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

घरच्यांनी एक फरक समजून घ्यावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. रमी आणि तसल्या ॲपच्या कंपन्यांचा धंदा त्यानं बसला. इथं ज्या कामाबद्दल बोलतोय ते वेगळं आहे, पण नोकरी घेताना कंपनी पैसा कशातून कमावते हे जरूर विचारा. आणि खोटं कशाला सांगू, या धंद्यात चढउतार आहेत. प्रोजेक्ट रद्द होतात, टीम मोडतात, गेम बाहेर पडायच्या आधी रात्री जागाव्या लागतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

अर्ज करताना एकच पान पाठवा. वर मिनिटभराचा व्हिडिओ, त्यात पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसला पाहिजे, नावाची पाटी फिरत बसायला नको. खाली दोन किंवा तीन गेम, खेळायची लिंक, कोडची लिंक, आणि टीममध्ये केलं असेल तर त्यातलं तुमचं काम कोणतं ते दोन ओळींत. धडे बघून केलेले वीस गेम लावण्यापेक्षा पूर्ण केलेला एक लावा.

सोबत एक बग-वही ठेवा, बग म्हणजे गेममधली चूक. कोणता बग आला, कशामुळं वाटला, खरं कारण काय निघालं, किती दिवस खाल्ले. "तुला सगळ्यात जास्त छळलेला बग सांग" हा प्रश्न मी स्वतः मुलाखत घेताना विचारतो आणि उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत कळतं की गेम यानंच बनवलाय की नाही. मुलाखतीला बेंगळुरूला जाताना राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास होतो, तेवढ्यात वही एकदा चाळून होते. आणि गेम फोनमध्ये ऑफलाइन चालणारा टाकून न्या, त्यांच्या वायफायचा पासवर्ड मागत बसायची वेळ येऊ नये.